शुगरवाला पेशंट व्हायरल तापात अ‍ॅडमिट झाला की... नेहमी विचारले जाणारे प्रश्न

मी मेडिसिन वॉर्डात सिस्टर आहे. बारा वर्षं झाली, मधली दोन वर्षं कोविड वॉर्डात गेली. संध्याकाळी भेटायची वेळ झाली की हातात डबा घेऊन नातेवाईक काउंटरला येतात आणि फिरून फिरून तेच प्रश्न विचारतात, कधी सहा पेशंटच्या मधे उभं राहून घाईत उत्तर देते, कधी तेवढंही जमत नाही. म्हणून इथे निवांत लिहिलंय. कोविड, फ्लू, डेंग्यू, तिन्हीबद्दल आहे पण कोविडबद्दल जास्त, कारण शुगर आणि व्हायरल इन्फेक्शन या जोडीचा एवढा अभ्यास त्याआधी कधी झालाच नव्हता. डोस वगैरे मी सांगणार नाही, तो तुमच्या डॉक्टरांचा प्रांत.

शुगर असली की धोका जास्त, हे खरंय का नुसतं घाबरवतात?

खरंय. पण "शुगर आहे" एवढ्या दोन शब्दांवरून काहीच ठरत नाही, आणि लोक नेमके तिथेच थांबतात.

इंग्लंडमध्ये २०२० च्या पहिल्या लाटेत तिथल्या सरकारी आरोग्यसेवेने सहा कोटींवर लोकांच्या नोंदी तपासल्या. हॉस्पिटलमध्ये कोविडने गेलेल्यांपैकी साधारण तीनातल्या एकाला डायबेटिस होता. वय, लिंग, गरिबी, वंश, राहण्याचा भाग हे सगळं हिशेबात धरूनसुद्धा टाइप २ वाल्यांचा (नेहमी दिसणारी, बहुतेक मोठेपणी होणारी शुगर) धोका शुगर नसलेल्यांच्या जवळपास दुप्पट आणि टाइप १ वाल्यांचा (ज्यांच्या शरीरात इन्सुलिन जवळपास तयारच होत नाही) साडेतीन पट निघाला. त्यावेळी हे आकडे व्हॉट्सअ‍ॅपवर फिरले आणि लोकांची झोप उडाली. पण त्यातली एक गोष्ट कुणी फॉरवर्ड केली नाही, ती म्हणजे हे आकडे अ‍ॅडमिट झालेल्यांमधले नाहीत, अख्ख्या लोकसंख्येतले आहेत. म्हणजे इन्फेक्शन होणं, ते वाढणं, अ‍ॅडमिट व्हावं लागणं, सगळं त्यात आलं. आणि चाळिशीच्या आतल्यांमध्ये शुगर असूनही मृत्यू फारच थोडे होते, वयाचा हिशेब सगळ्यात मोठा.

अ‍ॅडमिट झालेल्या शुगरवाल्यांचं पुढे काय झालं ते बघायचं तर फ्रान्समधला कोरोनाडो नावाचा अभ्यास आहे. मार्च २०२० मधले, ५३ हॉस्पिटल्समधले १३१७ पेशंट, बहुतेक टाइप २ चे, सरासरी वय सत्तरच्या आसपास. सात दिवसांत साधारण दहातला एक गेला. पण जे गेले त्यांच्यात काय जास्त होतं? वय, आधीचा हार्टचा नाहीतर मेंदूच्या रक्तवाहिन्यांचा त्रास, आणि किडनी-डोळ्यांवर आधीच झालेला शुगरचा परिणाम. म्हणून पंचेचाळीस वर्षांचा, किडनी-हार्ट ठीक असलेला शुगरवाला आणि बहात्तर वर्षांचे, क्रिएटिनिन (किडनी किती काम करतेय ते सांगणारा रक्तातला आकडा) वाढलेले, बायपास झालेले आजोबा, दोघांच्या फाइलवर डायबेटिस असंच लिहिलेलं असलं तरी आमच्या लेखी ते दोन वेगळे पेशंट असतात.

बाबांची शुगर घरी १४० च्या पुढे कधी गेली नाही. इथे आल्यावर ३८० कशी झाली? तुमचं मशीन बिघडलंय का?

हा प्रश्न आठवड्यातून चारदा तरी येतो आणि निम्म्या वेळी आवाज चढवून येतो. मशीन बरोबर असतं.

ताप आला, इन्फेक्शन झालं की शरीर आणीबाणी जाहीर करतं. कॉर्टिसॉल, अ‍ॅड्रिनलिन, ग्लुकागॉन असे हॉर्मोन वाढतात आणि ते लिव्हरला सांगतात की साखर सोड, लढाई चालू आहे. सूज वाढवणारी जी रसायनं असतात, सायटोकाइन्स, ती इन्सुलिनचं काम अडवतात. धडधाकट माणसाचं स्वादुपिंड जास्तीचं इन्सुलिन सोडून हे निभावतं, शुगरवाल्याचं आधीच दमलेलं असतं. म्हणून तोंडात घास न घालतासुद्धा साखर चढते. "त्यांनी काल रात्रीपासून काही खाल्लंच नाही, मग कशी वाढेल" असं म्हणतात ना, ती अशीच वाढते.

वर स्टेरॉइड चालू झालं असेल तर विचारूच नका. त्याचं खाली सांगते.

पण वाढलेल्या साखरेमुळे नेमकं बिघडतं काय?

बरंच काही, आणि एकाच वेळी. आपल्या पांढऱ्या पेशी जंतूपर्यंत पोचतात आणि त्याला गिळतात, जास्त साखरेच्या रक्तात त्या मंदावतात. म्हणून व्हायरसच्या मागोमाग बॅक्टेरियाचा न्यूमोनिया, लघवीचं इन्फेक्शन, सलाईनच्या सुईजवळ सूज असलं काहीतरी लागतं. रक्तवाहिन्यांचं आतलं अस्तर शुगरने वर्षानुवर्षं खराब झालेलं असतं, कोविड नेमका त्याच अस्तराला त्रास देतो, त्यामुळे रक्ताच्या गुठळ्या होण्याचा धोका वाढतो. किडनी साखर बाहेर टाकायला लघवी जास्त करते, पाणी कमी पडतं, मग तीच किडनी कोरडी पडून क्रिएटिनिन चढतं. त्यात वजन जास्त असेल तर छातीवर, फुप्फुसांवर तो भार वेगळाच. फ्रान्सच्या अभ्यासातही व्हेंटिलेटर लागण्याशी वजनाचा संबंध दिसलाच.

हे सगळं एका माणसात एका आठवड्यात चालू असतं. म्हणून राउंडला फिजिशियन, छातीचे डॉक्टर, किडनीचे डॉक्टर असे तिघे येतात. बिल वाढवायला येत नाहीत. म्हणजे, सगळीकडे तसंच असेल असं मी छातीठोक सांगू शकत नाही, पण निदान आमच्याकडे तरी नाही.

तीन महिन्यांची शुगर, एचबीएवनसी, ६.८ आहे. मग टेन्शन नाही ना?

चांगलं आहे, पण तो मागच्या दोन-तीन महिन्यांचा पास झाल्याचा दाखला आहे. आजचा पेपर वेगळा. कोरोनाडोमध्ये तर पुढे काय होणार याच्याशी एचबीएवनसीचा थेट संबंध दिसला नाही, अ‍ॅडमिट होतानाच्या शुगरचा दिसला. मला वॉर्डात उभं राहून जे वाटायचं त्याला हा आकड्याचा आधार मिळाला, त्या दिवसांतली शुगर किती आहे आणि तिच्याकडे कोण बघतंय यावर खूप काही अवलंबून असतं.

चीनच्या हुबेई प्रांतातला अभ्यास आणखी ठळक आहे. ७३३७ कोविड पेशंट, त्यातले ९५२ टाइप २ वाले. ज्यांची शुगर हॉस्पिटलात साधारण ७० ते १८० मध्ये राहिली त्यांच्यात मृत्यू १.१ टक्के, ज्यांची त्याच्या वर गेली त्यांच्यात ११ टक्के. दहा पट फरक! पण थांबा, लगेच सगळं श्रेय शुगर कंट्रोलला देऊ नका, कारण जो जास्त आजारी त्याची शुगर तशीही जास्तच चढते, म्हणजे वाढलेली शुगर हे आजार बिघडत असल्याचं लक्षणही असू शकतं. दोन्ही खरं आहे असं मला वाटतं. पण १८० च्या आसपास ठेवणं आपल्या हातात आहे, पेशंटचं वय कमी करणं नाही.

अ‍ॅनिमिया असेल किंवा नुकतंच रक्त चढवलं असेल तर एचबीएवनसीचा आकडा फसवू शकतो, ते डॉक्टरांना आधीच सांगा.

आईला आयुष्यात कधी शुगर नव्हती. इथे निघाली. तुमच्या औषधांनी झाली का?

तीन शक्यता. एक, होती पण कुणी तपासलीच नव्हती. हसू नका, हे फार कॉमन आहे. आयसीएमआरच्या २०२३ मध्ये आलेल्या देशभरच्या अभ्यासात भारतात १० कोटींवर लोकांना डायबेटिस असल्याचा अंदाज आहे, आणि सगळ्यात जास्त प्रमाण कुठे तर आपल्या शेजारी गोव्यात, २६.४ टक्के, म्हणजे चार मोठ्या माणसांत एकाला. यातल्या कितीतरी जणांनी बोटाला सुई टोचूनच घेतलेली नसते. दोन, आजारपणाच्या ताणामुळे तात्पुरती वाढली. तीन, स्टेरॉइडमुळे वाढली.

ओळखायचं कसं? इथे एचबीएवनसी कामाला येतं. ते ६.५ किंवा वर असेल तर शुगर जुनी आहे, घरात लपून बसली होती. त्याच्या खाली असेल तर आत्ताची असण्याची शक्यता जास्त, दोन-तीन महिन्यांनी पुन्हा तपासायची.

आणि एक, नव्याने शुगर निघालेल्यांना आपण हलक्यात घेतो, "अहो, तिला शुगर नाहीये, आत्ताच जरा वाढलीये" असं म्हणतो. कोविडमध्ये आधी शुगर नसलेल्या पण अ‍ॅडमिट होताना साखर चढलेल्या पेशंटची तब्येतही जास्त बिघडताना दिसली. जुन्या शुगरवाल्याला निदान औषधाची सवय असते, घरच्यांना माहिती असते. हिच्या बाबतीत कुणाच्या ध्यानीमनीही नसतं.

शुगर आहे हे माहीत असून स्टेरॉइड का दिलं?

कारण ऑक्सिजन लागत असेल तर ते जीव वाचवतं. ब्रिटनच्या रिकव्हरी ट्रायलचा निकाल जून २०२० मध्ये आला, डेक्सामेथासोन, रोज ६ मिलिग्रॅम, जास्तीत जास्त दहा दिवस. व्हेंटिलेटरवरच्यांचे मृत्यू साधारण एक तृतीयांशाने कमी झाले, ऑक्सिजनवरच्यांचे एक पंचमांशाने. इतकं स्वस्त औषध, इतका फायदा. शुगर वाढेल म्हणून हे न देणं म्हणजे घर जळताना फर्निचर भिजेल म्हणून पाणी न मारण्यासारखं.

पण त्याच ट्रायलमध्ये ज्यांना ऑक्सिजन लागत नव्हता त्यांना काहीच फायदा दिसला नाही. आणि आपल्याकडे २०२१ मध्ये काय झालं? मेडिकलमधून, व्हॉट्सअ‍ॅपवरच्या प्रिस्क्रिप्शनवरून, घरी बसून, ताप आल्याच्या दुसऱ्या दिवसापासून गोळ्या. ऑक्सिजन ९८ आणि पोटात स्टेरॉइड. असे पेशंट आमच्याकडे आठव्या-नवव्या दिवशी यायचे तेव्हा ग्लुकोमीटरवर आकडाच यायचा नाही, नुसतं "हाय" असं अक्षरात यायचं. म्हणजे मशीनच्या मोजण्यापलीकडे.

स्टेरॉइडची खोड अशी की जेवणानंतरची शुगर जास्त उडते, दुपारी, संध्याकाळी. सकाळची उपाशीपोटीची बऱ्याचदा बरी दिसते. म्हणून "सकाळी १३० होती, आता टोचू नका" म्हणत हात मागे घेऊ नका, चारची आणि रात्रीची जास्त महत्त्वाची.

मग एकदम १०० वर का नाही आणत? २०० ला "ठीक आहे" का म्हणता?

कारण हा प्रयोग करून झालाय. आयसीयूमधल्या सहा हजारांवर पेशंटचा नाइस-शुगर नावाचा ट्रायल २००९ मध्ये आला. एका गटाची शुगर ८१ ते १०८ अशी घट्ट आवळून ठेवली, दुसऱ्याची १८० पर्यंत राहू दिली. घट्टवाल्यांमध्ये मृत्यू जास्त झाले, २७.५ टक्के, सैलवाल्यांमध्ये २४.९. घट्ट कंट्रोलमध्ये शुगर लो जाण्याचे प्रकारही कितीतरी जास्त झाले. तेव्हापासून बहुतेक ठिकाणी टार्गेट १४० ते १८०. आमचे सर म्हणतात, हाय शुगर आठवड्यात मारते, लो शुगर अर्ध्या तासात. त्यामुळे २०० ला इन्सुलिन थोडं वाढवतो, ६५ ला धावतो.

घरच्या गोळ्या का बंद केल्या? वीस वर्षं घेतायत.

प्रत्येक गोळीचं कारण वेगळं. मेटफॉर्मिन, ऑक्सिजन कमी असताना किंवा किडनी बिघडलेली असताना रक्तात लॅक्टिक अ‍ॅसिड साठू शकतं. ग्लिमेपिराइड, पेशंट जेवत नसेल तर शुगर धाडकन खाली येते आणि म्हाताऱ्या माणसांत ती लवकर वर येत नाही, एकदा साखर देऊन भागत नाही, तासातासाला बघावं लागतं. आणि हल्ली सर्रास दिसणाऱ्या डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या गोळ्या, त्या लघवीतून साखर बाहेर काढतात. एरवी चांगल्या, हार्टला किडनीला फायद्याच्या. पण पेशंट जेवत नाही, उलट्या होतायत, पाणी कमी पडलंय अशा वेळी रक्तात कीटोन, म्हणजे चरबी जळून तयार होणारी आम्लं, वाढून अ‍ॅसिडोसिस होऊ शकतो, आणि वाईट म्हणजे शुगर तेव्हा फक्त १८०-२०० दिसते. कुणाला शंकाच येत नाही. म्हणून अ‍ॅडमिट करताना या गोळ्यांची पट्टी दाखवाच, "पांढरी छोटी गोळी" सांगून आम्हाला कळत नाही हो.

इन्सुलिनचा डोस दर काही तासांनी कमी-जास्त करता येतो, गोळीचा नाही. एवढं साधं कारण आहे.

इन्सुलिन सुरू झालं म्हणजे आता कायमचं?

नाही. इन्फेक्शन उतरलं, स्टेरॉइड थांबलं की बऱ्याच जणांचं बंद होतं किंवा खूप कमी होतं. काहींना लागतं, कारण त्यांना आधीपासूनच लागत होतं आणि ते टाळत होते.

आता याच्याच उलट बाजूचं सांगते, कारण ते माझ्या घरात झालंय. २०२१ मध्ये माझा मामा दुसऱ्या शहरात अ‍ॅडमिट होता. बरा झाला, घरी सोडलं. स्टेरॉइड त्याच दिवशी थांबलं होतं पण डिस्चार्ज कार्डावर इन्सुलिनचा डोस मात्र वॉर्डातलाच छापून आला, सकाळ-दुपार-रात्र. कुणाच्या लक्षात आलं नाही. तिसऱ्या दिवशी पहाटे चारला मामीचा फोन, हे घामाने निथळतायत आणि काहीतरी असंबद्ध बोलतायत, दुकान उघड म्हणतायत. मी फोनवरच विचारलं मशीन आहे का, तिने हात थरथरत टोचलं, ४६. साखरेचं पाणी, तीन मोठे चमचे, पंधरा मिनिटांनी परत टोच, परत साखर. साडेचारला माणसात आला. मी दिवसभर हेच काम करते आणि माझ्याच मामाचं कार्ड मी वाचलं नव्हतं.

म्हणून डिस्चार्जच्या वेळी एवढंच विचारा: स्टेरॉइड किती दिवस आहे, ते कमी झालं की इन्सुलिन किती कमी करायचं, आणि रात्री-अपरात्री फोन कुणाला करायचा. उत्तर कार्डावर लिहून घ्या, तोंडी नको.

डबा आणू का? काय आणू?

आणा. पण आधी सांगा.

काय होतं ते बघा. पावणेएकला मी खाटेवर जाते, शुगर २४०, चार्टप्रमाणे इन्सुलिन टोचते. ट्रे येतो एकला. आजोबा ऑक्सिजनच्या मास्कवर, मास्क काढला की दम लागतो, दोन चमचे वरणभात खाऊन ताट बाजूला करतात. मावशी ताट उचलून नेतात, मला सांगत नाहीत कारण त्यांना कुणी सांगितलेलं नसतं. तीनला आजोबा घामेजलेले, शुगर ५८. दुसरा सीन, आजी व्यवस्थित जेवल्या, शुगर छान, पाचला नातू आला, त्याने प्रेमाने अर्धी पुरणपोळी भरवली आणि वर चिकूचा ज्यूस. आठला ३९०. रात्रीचे डॉक्टर चार्ट बघून इन्सुलिन वाढवणार, पुरणपोळी चार्टवर नसते!

म्हणून मी नातेवाईकांना सांगते, काय भरवलं, किती वाजता, अर्धं का पूर्ण, एका चिठ्ठीवर लिहून काउंटरला ठेवा. एक बाई रोज डब्याच्या झाकणाला चिठ्ठी चिकटवायच्या, "१ भाकरी, पालक, वाटीभर ताक, १.१०". तसल्या चार चिठ्ठ्या मिळाल्या की अर्धं काम झालं.

पदार्थ म्हणाल तर मऊ, प्रोटीन असलेलं, थोडं थोडं. मुगाचं वरण, अंडं चालत असेल तर अंडं, पनीर, ताक, नाचणीची आंबील. आणि पेशंट जेवत नाहीये म्हणून "निदान ग्लुकोन-डी तरी" हे कृपा करून बंद.

सलाईनमध्ये पण साखर असते का?

काहींत असते. डीएनएस किंवा डी-५ असं लिहिलेलं असेल तर ५०० मिलीच्या बाटलीत २५ ग्रॅम ग्लुकोज, साधारण पाच-सहा चमचे साखर. एनएस, आरएलमध्ये नसते. पण साखरवालं लावलं म्हणून भांडायला येऊ नका. कीटोन वाढलेले असताना इन्सुलिन आणि ग्लुकोज दोन्ही सोबत द्यावं लागतं, ते मुद्दाम असतं.

काळी बुरशी परत येईल का? ती शुगरमुळेच होते ना?

म्युकरमायकोसिस. बुरशी हवेत, मातीत, सगळीकडे असते, आपण रोज नाकाने आत घेतो, काही होत नाही. अनकंट्रोल्ड शुगर, त्यात रक्त आंबट म्हणजे कीटोअ‍ॅसिडोसिस, त्याने मोकळं होणारं लोह, आणि वर स्टेरॉइडने झोपवलेली प्रतिकारशक्ती, हे जमून आलं की तिला रान मोकळं. देशभरातल्या २८२६ पेशंटची माहिती डोळ्यांच्या डॉक्टरांनी एकत्र केली होती, त्यात ७८ टक्क्यांना डायबेटिस होता आणि ८७ टक्क्यांना स्टेरॉइड मिळालेलं होतं. मे २०२१ मध्ये केंद्राने राज्यांना हा आजार साथरोग कायद्याखाली नोंदवायला सांगितला. लिपोसोमल अ‍ॅम्फोटेरिसिनसाठी, म्हणजे या बुरशीवरच्या औषधासाठी, लोक इंजेक्शनची चिठ्ठी घेऊन या शहरातून त्या शहरात फिरत होते, ते दिवस मला आठवायचे नाहीत.

शुगर जास्त राहिली आणि स्टेरॉइड मिळालं असेल तर पुढचे काही आठवडे आरशात बघत जा. एका बाजूचा गाल, डोळ्याखाली दुखणं किंवा बधिरपणा, नाकातून काळपट किंवा रक्तमिश्रित पाणी, दात अचानक हलायला लागणं, एकाचे दोन दिसणं, टाळूवर काळा डाग. यातलं काही दिसलं तर सकाळची वाट बघायची नाही, कान-नाक-घसावाल्यांना त्याच दिवशी दाखवायचं. एका पेशंटला पहिलं लक्षण दातदुखी होतं, पाच दिवस लवंग दाबून बसले होते.

डेंग्यूत पण शुगरचा फरक पडतो का? डेंग्यूत तर प्लेटलेट बघायच्या असतात.

पडतो. शुगरवाल्यांमध्ये डेंग्यू गंभीर होण्याचं प्रमाण जास्त दिसतं. आणि सगळे प्लेटलेटच्या आकड्यावर नजर लावून बसतात, खरा घोळ रक्तवाहिन्यांतून पाणी झिरपण्याचा असतो. ताप उतरतो त्याच सुमारास, साधारण तिसऱ्या ते सातव्या दिवसाच्या मध्ये, चोवीस ते अठ्ठेचाळीस तास. तेव्हा पाणी कमी पडलं की बीपी जातं, जास्त झालं की फुप्फुसात भरतं. आम्ही लघवी किती होते यावरून पाण्याचा अंदाज घेतो, आणि शुगर ३०० असली की साखर लघवीला ओढून नेते, लघवी भरपूर होते आणि सगळ्यांना वाटतं पेशंट छान आहे. आतून कोरडा असतो. म्हणून डेंग्यूच्या शुगरवाल्याला आम्ही जास्त वेळा टोचतो, कंटाळू नका.

नारळपाणी? दिवसाला एखादं ठीक, पण किडनी अधू असेल तर नको, त्यात पोटॅशियम भरपूर असतं. ओआरएसमध्ये लिटरला साडेतेरा ग्रॅम ग्लुकोज असतं, ते घाबरण्याएवढं नाही, पुडीवर लिहिलंय तेवढ्याच पाण्यात करा. दुकानातलं गोड टेट्रापॅक म्हणजे ओआरएस नव्हे. अंगदुखीला ब्रुफेन, डायक्लो घेऊ नका. अ‍ॅस्पिरिन हार्टसाठी चालू असेल तर ते स्वतःच बंदही करू नका आणि न सांगता चालूही ठेवू नका, पहिल्याच दिवशी डॉक्टरांना सांगा.

आणि साधा फ्लू?

साधा नसतो. पुणेकरांना २००९ आठवत असेल, देशातला स्वाइन फ्लूचा पहिला मृत्यू पुण्यात झाला होता. त्या साथीत कॅनडातल्या क्यूबेकमध्ये दिसलं की शुगरवाल्यांना अ‍ॅडमिट व्हावं लागण्याची शक्यता तिप्पट, आणि अ‍ॅडमिट झाल्यावर आयसीयूत जाण्याची चौपट. म्हणजे कोविडने नवीन काही केलं नाही, जुनंच मोठ्या अक्षरात लिहिलं. फ्लूची लस दरवर्षी घ्यायची असते, न्यूमोनियाच्या लसीचंही डॉक्टरांना विचारा. आपल्याकडे "लस लहान मुलांना" हे डोक्यातून जात नाही.

मुलीला टाइप १ आहे, ताप आला आणि जेवत नाही. इन्सुलिन बंद ठेवू का?

नाही! बेसल, म्हणजे लांब पल्ल्याचं इन्सुलिन, कधीही पूर्ण बंद नाही. जेवत नाही म्हणून बंद केलं की काही तासांत कीटोन चढायला लागतात. घरी कीटोन पट्टी ठेवा. उलट्या थांबत नसतील, पोट दुखत असेल, श्वास खोल आणि जोरात चालू असेल, तोंडाला फळासारखा वास येत असेल तर थेट कॅज्युअल्टीला.

आजोबा झोपूनच आहेत. शुगरच्या बाबतीत आणखी काय बघू?

टाचा. कुणी बघत नाही. शुगरने पायाची संवेदना गेलेली असते, दहा दिवस एकाच स्थितीत टाच गादीवर घासते, त्यांना दुखतच नाही, आणि न्यूमोनिया बरा होऊन घरी जाताना टाचेला रुपयाएवढा काळा फोड. मग तो सहा महिने चालतो. पोटरीखाली उशी देऊन टाच अधांतरी ठेवा, रोज मोबाइलचा टॉर्च लावून बघा, बोटांच्या मधेही. मोजे घट्ट नकोत.

आणि शुगरवाल्यांना हार्टचा त्रास छातीत न दुखताही होतो. नुसता घाम, मळमळ, एकदम गळून गेल्यासारखं, असं काही म्हणाले तर "अ‍ॅसिडिटी असेल" म्हणून परस्पर गोळी देऊ नका, आम्हाला हाक मारा.

अ‍ॅडमिट करताना सोबत काय आणू?

गोळ्यांच्या पट्ट्या, मोकळ्या गोळ्या नकोत. इन्सुलिनचं पेन किंवा बाटली आणि शेवटचा डोस किती वाजता घेतला ते. जुना क्रिएटिनिनचा रिपोर्ट असेल तर सोन्याहून पिवळं, त्यावरून किडनी आत्ता बिघडली का आधीपासून तशीच आहे ते कळतं. घरचं ग्लुकोमीटर आणा, पण वॉर्डातल्या निर्णयासाठी आम्ही आमचंच वापरतो. बीपी फार खाली असताना किंवा हात सुजलेले असताना बोटातलं रक्त चुकीचं सांगू शकतं, तेव्हा नसेतून घेतो. व्हिटॅमिन सी शिरेतून मोठ्या डोसमध्ये चाललं असेल तर काही मशीन भलताच आकडा दाखवतात, कुठे बाहेर लावून आला असाल तर लपवू नका.

घरी गेल्यावर किती दिवस टोचायचं?

स्टेरॉइड चालू असेपर्यंत दिवसातून चारदा तरी, थांबल्यावरही आठवडाभर. नंतर डॉक्टर सांगतील तसं. वही करा, वेळ लिहा, खाल्लेलं लिहा. फ्रीज नसेल तर इन्सुलिन माठाजवळ, ओल्या फडक्यात गुंडाळलेल्या डब्यात ठेवतात गावाकडे, ते चालतं, फक्त बाटली पाण्यात बुडू देऊ नका आणि उन्हाच्या खिडकीत ठेवू नका. उघडलेली बाटली साधारण चार आठवडे. झाकणावर तारीख टाका, पेन नसेल तर काउंटरवरचं न्या, पण परत आणून द्या, या महिन्यात माझी सहा पेनं गेलीयत.